चांदसैलीच्या वर

बियाण्याच्या कंपनीनं चाळीस डीलर नेले होते पटायाला,
मक्याचं टार्गेट गाठलेली माणसं,
एकसारख्या पिवळ्या टोप्या.
तिसऱ्या दिवशी मी टोपी हॉटेलात विसरलो, मुद्दाम,
आणि गाईड पोरीला विचारलं, तुझं गाव कोणतं?
नान, म्हणाली. नकाशावर बोट ठेवलं
तिथं रस्ता केसासारखा बारीक.
तिकडे कुणी जात नाही.
घरी फोन केला : विमान पुढे ढकललंय.

रात्रभर बस. उजाडताना डोंगर, त्यामागे डोंगर.
तिच्या आत्याचं नाव बुआ. बुआ म्हणजे तिकडे कमळ.
समुद्र कुठल्या कुठे, आणि या बाईच्या दारात
खाऱ्या पाण्याची विहीर!
बादलीनं उपसून ती चुलाणावर आटवत होती,
आमच्याकडे उसाचा रस आटवतात तसं.
मिठाची पुरचुंडी माझ्या हातावर ठेवून
पोरीच्या तोंडून विचारलं : तुमच्याकडे आहेत डोंगर?
मी हात पसरले, जेवढे पसरतात तेवढे.
तिथं कोण राहतं?
हात तसेच राहिले हवेत.

पन्नास वर्षं मी शहाद्याच्या ओट्यावरून सातपुडा पाहतोय.
सकाळी निळा, दुपारी उन्हानं पुसलेला,
होळीच्या सुमारास रात्री वणव्याची एक तांबडी कड.
आम्ही म्हणायचो, 'वर'.
वरचे लोक बाजाराला आले. वरून आंबा उतरला.
वरची गाडी लेट आहे.
तीन अक्षरंही नाहीत, आणि त्यात एवढी गावं.

आखाजी उरकली, मोटरसायकल काढली.
बायको म्हणाली, आते कथा?
धडगावले.
तठे काय शे?
तेच पाहायला, म्हटलं, आणि ती हसलीसुद्धा नाही.

तळोद्याला हवा भरली. मग चांदसैलीचा घाट,
सागाची पानं झडलेली, दगड उघडे,
दुसऱ्या गिअरमध्ये खोकणारं इंजिन.
एका वळणावर थांबून मागं पाहिलं :
तापी, केळीचे पट्टे, जिनिंगची धुराडी, माझं दुकान,
सगळं एका मळकट धुरळ्यात. काही म्हणजे काही नाही.
इथून आम्ही 'खाली' असणार.

धडगावच्या अलीकडे एका पाड्यावर
मोगीबाई पावरा कैऱ्या कापत बसली होती,
फाका खडकावर, छपरावर, खाटेवर.
हवाच आंबट झालेली.
मी पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला
आणि जरा निरखून म्हणाली,
तुम्ही शहाद्याचे ना? बसस्टँडजवळचे, मक्यावाले?
वीस वर्षं येते. तुमचा माणूस बाकावर बसू देत नाही.

मी पाणी पीत राहिलो. तांब्या संपला तरी पीत राहिलो.

मग खिशातून पुरचुंडी काढली.
डोंगरातलं मीठ आहे, म्हटलं, लांबचं, विहिरीतलं.
आठवीतली तिची नात रेवली म्हणाली,
मीठ समुद्रात असतं.
मोगीबाईनं एका फाकेवर चिमूट टाकली, चावली,
एक डोळा मिटून विचार केला.
फिकं आहे, म्हणाली. आणि पुन्हा घेतलं.
कुणाचं आहे ते?
बुआ नावाच्या बाईचं.
तिला द्या, म्हणून ओंजळभर आमचूर बांधून दिला
धुतलेल्या मक्याच्या पाकिटात,
मागच्या बाजूला माझ्याच दुकानाचा शिक्का.

गाईड पोरीचा नंबर आता लागत नाही.
पत्ता असा माझ्याकडे नव्हताच.
परतल्यावर बाक झाडाखाली ओढला, एवढंच.
पाकीट गल्ल्याशेजारी आहे.
गिऱ्हाईक उचलून पाहतं, वास घेतं, विचारतं,
शेठ, हे कोणतं वाण?